प्रबोध, ही टेस्ट नव्हती

प्रबोध,

तुझ्या जाण्याची बातमी मी प्रॉडक्शनवरून पाठवली. नीट बघून पाठवली. हे आधी सांगतो, कारण तू असतास तर आधी तेच विचारलं असतंस. "मिल्या, कुठल्या सेटिंग्जवर आहेस?" माझ्या खांद्यावरून वाकून, तोंडात काहीतरी चघळत. त्या शनिवारी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेव्हा बटण दाबण्याआधी मी मागे वळून बघितलं. सवय रे, दुसरं काय.

लोक म्हणतात, लिही, मोकळं वाटेल. मला मोकळं वगैरे काही वाटत नाहीये. मला राग आलाय आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. बॅडमिंटन खेळता खेळता माणूस कोर्टवर खाली बसतो काय आणि उठतच नाही काय! इथे सिंगापुरात, तुआसला आमच्या प्लांटमध्ये साधा पंप बंद पडला तरी आम्ही तो उघडतो, कशानं बंद पडला ते शोधतो, कारण लिहितो, खाली सही करतो. तुझ्या बाबतीत डॉक्टरांनी दोन वाक्यं सांगितली, आम्ही माना हलवल्या, संपलं. इतकी वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा मी तिथे नुसता उभा होतो, आणि हातांचं काय करायचं तेही मला सुचत नव्हतं.

मंडळाची वेबसाइट ही तुझी हौस आणि मी तुझा बिगारी. इथल्या आपल्या बौद्ध मंडळींचं सगळं तिच्यावर चालायचं. रविवारची वंदना कुणाच्या घरी, एप्रिलमधल्या जयंतीला हॉल कुठला, बुद्धपौर्णिमेची खीर कुणाकडे, आणि कुणाकडे काही बरंवाईट झालं तर त्याची बातमी. एक बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर मेल. दिवसभर ऑफिसात तेच काम करून तू संध्याकाळी पुन्हा तेच फुकटात करत बसायचास. वहिनी म्हणायच्या, "यांना दोन नोकऱ्या आहेत, एकीचा पगार येतो."

त्या साइटच्या तू दोन प्रती ठेवल्या होत्यास. एक खरी, लोक वापरतात ती, म्हणजे प्रॉडक्शन. दुसरी आपल्या दोघांच्या लॅपटॉपवर, हवी तशी मोडतोड करायला, म्हणजे डेव्हलपमेंट. कोड दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तोच, फक्त सेटिंग्जची फाइल वेगळी. माहिती कुठून घ्यायची, मेल कुणाला जाणार, काही चुकलं तर पडद्यावर सगळं दाखवायचं की झाकून ठेवायचं, असल्या गोष्टी त्यात. आपले अध्यक्ष कांबळेसर बँकेतले. त्यांना हे काही केल्या समजेना, तेव्हा तू म्हणालास, "सर, घरात माणूस बनियनवर असतो, चारचौघांत शर्ट घालतो. माणूस तोच. घरी ठेच लागली तर बोंब मारतो, चारचौघांत गप्प बसतो." सरांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून डेव्हलपमेंटचं नाव बनियन पडलं आणि प्रॉडक्शनचं शर्ट. मंडळाच्या मीटिंगमध्ये चष्मा पुसत, अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "प्रबोध, हे शर्टात गेलंय का?"

आणि बातम्यांची ती आपली पद्धत. दुःखद निधनाचा मेल नीट जातो की नाही हे तपासायला त्यात कुणाचं तरी नाव घालावं लागायचं. मी अडखळलो होतो, जिवंत माणसाचं नाव कसं घालायचं म्हणून. तू फटकन म्हणालास, "परक्याचं कशाला? मी तुला मारतो, तू मला मार. अपशकुन-बिपशकुन आपण मानत नाही ना? मग घाबरतोस कशाला?" खरंच आहे. आपल्या आईबापांनी शकुन-अपशकुन, भटजी, मुहूर्त सगळं घराबाहेर काढलं, त्याचा आपल्याला अभिमान. त्या अभिमानापायी आपण एकमेकांना किती वेळा मारलं याचा हिशेब नाही. तुझ्या मजकुरात मी नेहमी अल्पशा आजारानं जायचो. मी तुला एकदा जास्त बिर्याणी खाऊन मारलं होतं, तर तू आठवडाभर रुसला होतास.

मग तो रविवार. मेल उशिरा का जातात ते शोधायला तू तुझ्या लॅपटॉपवर प्रॉडक्शनची सेटिंग्ज चढवलीस, बिघाड शोधलास, आणि खुशीत ती उतरवायला विसरलास. त्याच खुशीत एक टेस्ट मारलीस. आपले बांधव मिलिंद यांचे अल्पशा आजाराने निधन झाल्याचं सबंध सिंगापुरातल्या आपल्या माणसांना एका फटक्यात कळलं. मी क्लेमेंटीच्या फ्लॅटवर एकटा, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, मस्त झोपलेलो. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर दारात कांबळेसर, मागे पाच-सहा जण, हातात पांढरी फुलं. आणि मी बनियनवर!

सरांनी माझे दंड चाचपून बघितले. मग चपलांच्या कपाटावर बसले, रडले, आणि रडून झाल्यावर तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या. तू क्वीन्सटाउनहून टॅक्सीनं आलास, घरातल्याच स्लिपरवर. लिफ्टमधून हसत बाहेर पडलास आणि मला दारात बघून तुझा चेहरा वाकडा झाला. मला मिठी मारून तू लहान मुलासारखा रडलास. म्हणालास, "साल्या, मीच पाठवली होती, तरी टॅक्सीत एकदा वाटलं, खरंच असलं तर?" ते मी नंतर कितीतरी वेळा तुला चिडवायला वापरलं. आता ते वाक्य माझ्याजवळ नुसतं पडून आहे.

त्याच आठवड्यात तू डेव्हलपमेंटच्या सेटिंग्जमध्ये एक ओळ घातलीस. टेस्टमध्ये मेल कुणालाही पाठवा, तो जाणार फक्त एकाच पत्त्यावर, तुझ्या. मला दाखवून म्हणालास, "आता तू कितीही वेळा मेलास तरी फक्त मलाच कळेल." दोघंही पोट धरून हसलो. वहिनींनी आतून विचारलं, काय झालं एवढं, तर सांगता येईना.

पण भांडण मिटलं नाही ते नाहीच. मी प्लांटमधला माणूस. आमच्याकडे ज्या पॅनेलमध्ये करंट चालू असतो त्यावर हा एवढा लाल टॅग लागतो, झोपेतल्या माणसालाही दिसेल असा. मी म्हणायचो, प्रॉडक्शनच्या पानावर वरती लाल पट्टी टाक आणि टेस्टच्या मेलवर ठळक अक्षरात 'टेस्ट' लिही. तुझं म्हणणं, नाही. "दोन्हीकडे सगळं सारखंच हवं, मिल्या. फरक ठेवायचा तो नाइलाज म्हणून. इथे एक आणि तिथे दुसरं दिसायला लागलं की आपण तपासतो एक आणि लोकांकडे जातं भलतंच." मी म्हणायचो, सारखं दिसतं म्हणूनच सर फुलं घेऊन आले. तू म्हणायचास, ती चूक सेटिंग्जची नव्हती, माझ्या डोक्याची होती. मी म्हणायचो, मग डोक्यालाच लाल पट्टी बांध.

शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये याच विषयावर आपण किती वेळ घालवला! तू नूडल्सचा वाडगा बाजूला सारून बोटानं टेबलावर दोन चौकोन काढलेस, एक शर्ट, एक बनियन, आणि मधे रेघ. मी त्या रेघेवर माझ्या चहाचा, तेहचा, कप ठेवला. बाजूच्या टेबलावरच्या आजीबाई आपल्याकडे टकमका बघत होत्या. शेवटी तू म्हणालास, "बरं, तुझंही थोडं ऐकतो. रविवारी घरी ये, नीट बसून ठरवू." थोडं म्हणजे किती, रे? पट्टी तरी मान्य होती की नुसतं माझं तोंड बंद करायला म्हणालास? हे आता मला कोण सांगणार?

शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होतो. हॉस्पिटलला पोचलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, तुझी रॅकेटची बॅग छातीशी धरून. तुझी लेक मेत्ता शाळेच्या गणवेशातच होती. इथे काहीही लांबत नाही, हे तुला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारची मंडाईच्या स्मशानातली वेळ मिळाली. लोकांना कळवणं भाग होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, साइटवरूनच जाऊ दे बातमी. त्यांनीच केलंय ना ते." त्यांनी तुझा फोनही माझ्या हातात दिला. "कुणाचे आले तर तुम्हीच घ्या. माझ्याच्यानं नाही होणार."

प्रॉडक्शनची सेटिंग्ज, पासवर्ड, किल्ल्या, यातलं काहीही कोडमध्ये ठेवायचं नाही, हा तुझा हट्ट. ते सगळं सर्व्हरवर वेगळं. मागच्या वर्षी तू मला समोर बसवून, स्वतः हात मागे बांधून, सगळं माझ्याकडून करून घेतलं होतंस. मी कुरकुर केली तर म्हणालास, "मी सुट्टीवर गावी असलो आणि फोन लागला नाही, तर?" म्हणून मला ते आलं. तू शिकवलेलं मी पहिल्यांदा एकट्यानं केलं ते तुझ्यासाठी केलं. उपकार मानावेत की तुझ्यावर ओरडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नावाच्या जागी तुझं नाव लिहिलं. इतक्या वेळा लिहिलेलं होतं की बोटांनी आपोआप लिहिलं. कारण लिहायच्या जागी बिर्याणी आठवली आणि मला तिथे, त्या पॅसेजमध्ये, हसू आलं. मग बटण दाबलं.

आणि कुणाला खरंच वाटेना.

पहिलं उत्तर आलं ते हसून लोळणारे चेहरे. दुसरं, 'परत? यावेळी तुझा नंबर का?' तिसऱ्यानं लिहिलं की रविवारी फुलांऐवजी केक आणतो. मग तुझा फोन वाजायला लागला. प्रत्येकाला तुझ्याशीच बोलायचं होतं, तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं, तुला चार शिव्या द्यायच्या होत्या. मी एकेकाला सांगत होतो. नाही रे, टेस्ट नाही. हो, खरंच. नाही, मी मिलिंद बोलतोय. मेत्ता माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, दे थिंक इट्स टेस्ट, इज इट?"

मी हो म्हणालो.

"देन डोन्ट टेल देम फर्स्ट, ला," ती तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. "लेट देम थिंक लाइक दॅट. जस्ट अ व्हाइल."

तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. जितक्या घरांत ती टेस्ट होती तितक्या घरांत तू अजून होतास. मी फोन उलटा करून बाकावर ठेवला. तो तसाच वाजत राहिला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. पण मंडाई दुसऱ्याच दिवशी होती, प्रबोध. किती वेळ वाजू देणार?

पुढचा फोन कांबळेसरांचा होता. मी उचलल्या उचलल्या ते सुरूच झाले. "प्रबोध, गाढवा, तुला एकदा सांगितलेलं..."

"सर, जयभीम. मी मिलिंद."

"तू पण तिथेच का? दे त्याला फोन."

"सर, खरं आहे."

"पुरे आता, मिलिंद. माझं वय बघ जरा."

"सर, सकाळी खेळताना कोर्टवरच गेला तो. मी हॉस्पिटलमध्ये आहे. वहिनी इथेच आहेत."

मग सर अगदी हळू, समजावणीच्या सुरात म्हणाले, "मिलिंद, बाळा, परत एकदा बघ. बनियनवर असशील."

आणि मी बघितलं. तुला हसू येईल, पण मी खरोखर लॅपटॉप उघडला आणि बघितलं. मेत्ताही वाकून माझ्याबरोबर बघत होती. पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, प्रॉडक्शन. लाल पट्टी नव्हती, काही नव्हतं, तुला हवं होतं तसंच. मी म्हणालो, "शर्टच आहे, सर." त्यानंतर सर जे रडले ते मी तुला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मंडाईला सगळे आले. ज्यानं केकचं लिहिलं होतं तो दाराशीच उभा राहिला, आत यायला तयार होईना. सरांनी त्रिसरण-पंचशील सांगितलं. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. मला त्या शर्टाकडे बघवेना, म्हणून मी खाली फरशीकडे बघत होतो.

नंतरच्या दिवसांत गावाकडून वहिनींच्या एका मावशींचा फोन आला. मरणाच्या बातमीत असं जित्या माणसाचं नाव घालतात का, म्हणाल्या. वहिनींनी त्यांना चांगलं सुनावलं. मला हे सांगताना त्या अगदी ताठ होत्या. मी पण हो हो केलं. पण बसमध्ये बसल्यावर मला ती बिर्याणी आठवली, ते सगळे मजकूर आठवले, आणि एक थांबा जाईपर्यंत मी सुद्धा ते मानलं. तू असतास तर माझ्या कानाखाली दिली असतीस. दे ना. आपल्या बापांनी इतकं झगडून जे घराबाहेर काढलं ते माझ्याकडे एका बसच्या प्रवासात परत आलं, एवढा मी हरलोय.

साइट चालू आहे. सगळं जिथल्या तिथे आहे, कुठे काही मोडलेलं नाही. तेच सहन होत नाही. काहीतरी बिघडवून ठेवलं असतंस तर मी दुरुस्त करत बसलो असतो. मेल मात्र पुन्हा अडखळायला लागले होते, म्हणून काल दुपारी जेवण झाल्यावर मी डेव्हलपमेंटची प्रत उघडली. दोनदा सेटिंग्ज बघितली. बनियनच होतं. मग एकामागून एक टेस्ट चालवल्या, वंदनेची सूचना, हॉलचा निरोप, निधनाची बातमी. सगळ्या सुरळीत गेल्या. मी चहा टाकायला उठलो.

आणि वहिनींचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता.

"वहिनी? काय झालं?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुझा फोन त्यांनी बंद केलेला नाही. तुझ्या फोटोशेजारी ठेवलाय, रोज चार्ज करतात. टेस्टचा प्रत्येक मेल अजून तुझ्याच पत्त्यावर जातो, आणि नमुन्याच्या मजकुरात तू घातलेलं माझं नाव तसंच आहे. तुझ्या फोटोशेजारी तुझा फोन उजळला होता आणि त्यावर मी अल्पशा आजारानं गेलो होतो.

"आहे, वहिनी, मी आहे. टेस्ट होती ती. पत्ता त्याचाच राहिलाय. आत्ता बदलतो."

नाक ओढलेलं ऐकू आलं. "पत्ता राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव तेवढं काढा."

मग फोन तसाच हातात ठेवून त्या आतल्या खोलीकडे वळल्या असाव्यात. मेत्ता रडत होती, ते मला आता ऐकू आलं. आणि वहिनींचा आवाज आला, मोठा, सुटलेला, जवळजवळ हसरा. "अगं, आहेत काका! आहेत! टेस्ट होती!"

प्रबोध, त्या शनिवारी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मी हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला उभा होतो. ते काल आलं, आणि माझ्यासाठी आलं.